खोगीरभरती

अठरा वर्षं मी मथळे बांधते
अलिबागच्या दैनिकासाठी, इथं मुरूडमध्ये बसून.
सुपारीच्या वखारीवर एक खोली,
खडखडणारा पंखा, आणि रात्री आठची वेळ.

आठ वाजत आले की मला घोडी लागतात.
सोन्याचा भाव चौखूर उधळतो.
आमदारांची जीभ बेलगाम होते.
सभापतिपदासाठी घोडेबाजार तेजीत,
विरोधकांचं निवेदन म्हणजे वरातीमागून घोडं,
आणि नव्या अध्यक्षांनी, कालच आलेल्या,
खुर्चीवर पक्की मांड ठोकलेली.
खाडीपुलाचं घोडं कुठे पेंड खातंय
हे मी एका वर्षात तीनदा विचारलं.
चौथ्या वेळी ते गंगेत न्हालं,
फीत कापतानाच्या फोटोसकट.

पान भरलं नाही तर वाढदिवस, हळदीकुंकू, हरवले आहेत.
त्याला आमच्यात खोगीरभरती म्हणतात.
खोगिरात काय भरतात
ते मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये फोन आला:
पुळणीवरची घोडी बंद करतायत,
चार ओळी दे, पान पाच.

शमशुद्दीन हळदे सुरूच्या सावलीत
शेवंतीला तोबरा बांधत होते.
बाजूला भिजवलेले चणे निथळत पडले होते
आमच्याच अंकावर.
"बाई, तो घोडेबाजार तुम्हीच लिहिलात ना?"
"हो."
"घोडा केवढ्याला गेला त्यात?"
मी हसले.
ते नाही हसले.
"अख्खी बातमी वाचली मी. भाव कुठे दिलाच नव्हता.
हिचं वय झालंय. एक बघत होतो."

मग म्हणाले, बसा.
मी नको नको म्हणताना
त्यांनी माझा पाय रिकिबीत घातलासुद्धा.
वरून समुद्र वेगळाच दिसतो.
पद्मदुर्ग एक हात खाली येतो.
"मांड्या आवळू नका, तिला वाटतं तुम्ही भ्यालात."
"भ्यालेच आहे."
"मग तिला कळू देऊ नका."
लगाम खेचायचा नसतो, म्हणाले,
करंगळीत असू द्यायचा नुसता,
झोपलेल्या पोराचं बोट असतं तसा.

ओहोटी होती.
ओल्या पुळणीवर टापांचा आवाज येत नाही.
मी पहिल्या पानावर
किती टापा वाजवल्या असतील, देव जाणे.

शेवंती उधळली वगैरे नाही.
बावीस पावलं चालली, मी मोजली,
आणि सुकलेल्या जाळ्यांपाशी थांबून
निवांत मुतली. बराच वेळ.
मी वर बसून होते,
नव्या अध्यक्षांसारखी.

आठ वाजता लिहायला बसले.
'घोडेवाल्यांवर संक्रांत'. खोडलं.
'पर्यटनाची घोडदौड रोखली'. खोडलं.
शेवटी लिहिलं:
मुरूडच्या किनाऱ्यावर सात घोडी आहेत.
सोमवारपासून ती तिथे नसतील.
संपादक फोनवर म्हणाले,
"हे मेलेलं आहे गं. जरा टाच मार."
मी गप्प राहिले.
गप्प राहणं म्हणजे होकार,
आठ वाजता तरी.

छापून आलं: रोजगाराला लगाम!
पान पाच, तळाशी,
शेजारी मिक्सर दुरुस्तीची जाहिरात.
शेवंतीचं नाव पहिल्याच कात्रीत गेलं.

मंगळवारी शमशुद्दीनभाई जिना चढून वर आले.
वाटलं, भांडतील.
त्यांना जुने अंक हवे होते, चण्यांसाठी.
मी गठ्ठा बांधून दिला.
सुतळीची गाठ मला जमेना,
ती त्यांनी एका हाताने मारली,
घोडं खुंट्याला बांधतात तशी असावी.

एक सांगायचं राहिलं.
लगामाला खारं पाणी लागलं
तर घरी जाऊन तो गोड्या पाण्यात बुडवायचा,
सावलीत वाळवायचा, वर खोबरेल चोळायचं.
नाहीतर कातडं तडकतं, आणि तोंड फाटतं घोडीचं.
हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं,
मी लिहूनही घेतलं होतं.
बातमीत बसलं नाही.