डावा-उजवा नसलेला जोड

शारजात रोला चौकामागे, घड्याळवाला आणि
सिमकार्डवाला यांच्यामध्ये जी फट आहे
ते माझं दुकान.
एक शटर, एक पंखा, कोल्हापूरहून आणलेली आरी.

रईसाबाई मंगळवारी येतात.
पिशवीत त्यांच्या मुलींचे नाचाचे जोड,
गुलाबी, घामट, चवड्याशी मऊ पडलेले.
“मास्टर, हार्ड,” म्हणतात.
मी सरस भरतो, पंख्याखाली उलटे टांगतो.
पहिल्या खेपेला विचारलं होतं, यातला डावा कुठला?
तर हसल्या. यात डावा-उजवा नसतो म्हणे,
पाय ठरवतो.

आज एकच जोड होता.
रशियन वर्तमानपत्रात गुंडाळलेला, चहाच्या रंगाचा,
रेशीम कांद्याच्या सालीसारखं सुटलेलं.
“ग्लाफिरा ओझेरोवा,” त्या म्हणाल्या
आणि थांबल्या, जणू मी उठून उभं राहणार.
मी आरी खाली ठेवली.

मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत,
उरलेलं हातांनी:

पीटर्सबर्गच्या बूट शिवणाऱ्याची पोर.
दहाव्या वर्षी सरकारी नाचशाळेत.
तिथं घोटे दाबून पाहिले, दात पाहिले,
बाजारात खोंड पाहतात तसे.
बापाचा धंदा लिहिताना कारकून थांबला असेल ना,
मी विचारलं.
रईसाबाईंना ते ठाऊक नव्हतं.
मला होतं.

एका रात्रीत एक जोड संपायचा तिचा.
सम्राट पुढे वाकून बघायचा. पॅरिसात फुलं,
साबणाच्या वेष्टनावर तिचं चित्र.
बाप सगळ्यात वर, स्वस्तातल्या बाकावर.
तो नाच बघायचा नाही,
टाके धरतायत का ते बघायचा.

मग लढाई. मग राज्य उलथलं. मग तो हिवाळा,
खुर्च्या जाळल्या लोकांनी,
बापानं कातडी पट्टा उकळून रस्सा केला,
आणि ही थंडगार थिएटरात नाचतच होती.
समोर ओव्हरकोट घातलेली माणसं,
टाळ्या हातमोज्यांतून,
गोधडी झटकल्यासारखा आवाज.

बापाला पुरून ती निघाली.
बाकू, तेहरान, बुशहर, तिथून मुंबईची आगबोट.
“इथूनच गेली,” रईसाबाईंनी बोट केलं,
मोबाइलच्या दुकानापलीकडे, खाडीपलीकडे.
ऑगस्ट होता. कप्तानानं गळ घातली,
डेकवर कंदील टांगले, खलाशी दोरांवर चढून बसले.
तिसऱ्या गिरकीला चवडा खचला.
तिनं जोड काढून फेकला
आणि उरलेला नाच अनवाणी पुरा केला.

सम्राटाचं खरंखोटं मला काय माहीत.
साबणाचंही नाही.
पण ऑगस्टात या पाण्यावर सरस धरत नाही,
हे मी शपथेवर सांगेन.

नंतर रीगात, बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीत
ती पोरींना शिकवायची.
पाय इतके सुजलेले की पुरुषी नमद्याचे बूट घालायची
आणि नाच बोटांनी दाखवायची, टेबलावर.
त्यातली एक पोर रईसाबाईंच्या गुरूची गुरू.

“नवा नको करू,” त्या म्हणाल्या,
“फक्त आणखी सुटू नये.”

त्या गेल्यावर मी तो उलटा केला.
आत, टाचेजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी
एक टाका उगाचच आडवा मारलेला.
माझे आबा असाच मारायचे, चपलेच्या कानाखाली.
का, असं विचारलं की म्हणायचे,
गिऱ्हाईक पैसे देतं, नाव विचारत नाही.

दुपारची बांग झाली. गल्ली रिकामी.
मी जोडात दोन बोटं घातली,
टेबलावर चवड्यावर उभा केला.
उभा राहिला.
चहावाला शफीकुल दारात, हातात पेला,
“ओस्ताद, की कोरतेसेन?”

काही नाही रे, म्हटलं, ठेव तिथं.
बोटं अजून आतच होती.