कारणाचा रकाना

कोकुरा स्टेशनामागच्या गल्लीत
दाताच्या दवाखान्याच्या वरती आमची भाषाशाळा.
शिकवणारे सहा, शिकणारे एकशे चार,
आणि मोजणारी मी एकटी.
महिनाअखेरीस हजेरीची टक्केवारी काढते,
ओळखपत्रांच्या मुदती बघते,
कोण कुठे राहतं, कुठे किती तास राबतं,
सगळं लिहून फुकुओकाच्या कचेरीला कळवते.
कामाचा नियम एका ओळीचा आहे:
आठवड्याला अठ्ठावीस तास.

थँडारचे एकतीस भरले.

मंडालेची. एकवीस वर्षांची.
रात्री डब्यांच्या कारखान्यात उभी असते.
पट्ट्यावरून भात सरकत येतो,
आणि ती प्रत्येक भाताच्या मधोमध
एक खारवलेलं लाल आलुबुखार ठेवते.
तासाला नऊशे डबे.
मी विचारलं, हे तीन तास आले कुठून?
म्हणाली, तोकुनागा-सान, त्या पहाटे बर्फ पडला,
आम्हाला न्यायला येणारी बस चढावर अडकली,
मुकादम म्हणाला, नुसते बसून गारठाल,
त्यापेक्षा पट्टा चालू करू या.
यंत्राने वेळ छापली.
यंत्राला खिडकी नाही.

मी दार लोटून घेतलं.
तेवीस वर्षं झाली या खुर्चीत,
सहानंतर मी किती वेळ बसते
ते कोणी कुठे छापलेलं नाही.
तीन म्हणजे केवढेसे,
खोडरबर तर हाताशीच होतं.
पण दोन वर्षांमागे एकाचे चार तास मी गिळले होते.
ते पचले नाहीत. तपासणी आली.
करड्या कोटातली दोन माणसं, अतिशय नम्र,
बूट काढून आत आली, चहाला नको म्हणाली,
आणि कपाट रिकामं करून घेऊन गेली.
तो मुलगा महिन्याभरात परत गेला.
त्याची छत्री अजून आमच्या दाराशी आहे,
पाऊस असला की कोणीतरी नेतं, परत आणून ठेवतं.

म्हणून कळवलं.
अर्जात कारणाचा रकाना नखाएवढा.
आमच्या लिपीत बर्फाला एकच अक्षर पुरतं:
वर पाऊस, खाली झाडू धरलेला हात,
असं शाळेत गुरुजी सांगायचे.
तेवढंच लिहिलं. बरोब्बर मावलं.

सहा आठवड्यांनी कागद परत आला.
अक्षराभोवती पेन्सिलीचं वर्तुळ,
आणि बाजूला, फार सुबक हस्ताक्षरात:
किती सेंटिमीटर?

हवामान केंद्राला फोन लावला.
पलीकडचा म्हातारा खूश झाला.
म्हणाला, लोक उद्याचं विचारतात हो,
झालेल्या बर्फाची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.
वही उलटल्याचा आवाज आला.
चार. चढावर म्हणाल तर पाच असेल,
पण चढावर आमची पट्टी नाही.
मी चार लिहिलं.
मग हिशेब करत बसले,
तीन तासांना चार सेंटिमीटर पुरतात का.

शेजारच्या वर्गात आज मोजणी चाललीय.
आमच्या भाषेत नुसता आकडा चालत नाही,
मागे शेपूट लावावं लागतं.
चपट्या वस्तूंना एक, लांबट वस्तूंना दुसरं,
पाखरांना तिसरं,
आणि सशांनाही पाखरांचंच.
का, ते शिमोजो-सेन्सेईंनाही नीट सांगता येत नाही.
वर्ग हसतोय. थँडारचं हसू ओळखू येतं,
झोप न झालेल्या माणसाचं, जरा उशिरा येणारं.
मग तीच विचारते,
आणि माणसांना, सेन्सेई?
फळ्यावर खडू वाजतो.

माझ्यापुढे तिची फाइल.
मुदत सोळा एप्रिल. आज दोन.
टपालवाला साडेअकराला येतो,
लोखंडी जिन्यावर त्याचे बूट ऐकू येतात.
आत्ता आले होते,
चार पायऱ्या, पाच,
मग थांबले, खाली वळले.
दातांच्या डॉक्टरचं काहीतरी होतं.