दोनशे नऊनंतर

पुस्तकाचं नाव 'काळझरा'. भाग पहिला.
आमच्या वाचनालयात एकच प्रत,
पुरात खालच्या फळीवर राहिलेली,
मग गच्चीत दोरीवर पालथी टांगून वाळवलेली.
तेव्हापासून ती नीट मिटत नाही,
भडंगाच्या पुडीसारखी फुगून बसते.
आणि मधली तीन पानं
चिखलानं एकमेकांना धरून आहेत.
एकदा सुरी लावून पाहिली,
शाईच सुटायला लागली. सोडून दिलं.

म्हणजे दोनशे नऊनंतर थेट दोनशे सोळा.
दोनशे नऊवर वेणा दाराबाहेर उभी.
दोनशे सोळावर ती आत,
केस अर्धे पांढरे, मुठीत घारीचं एक पीस.

मधे काय झालं
ते माझ्या काउंटरवर कुणालाच ठाऊक नव्हतं.
नवी प्रत साडेसहाशेला.
शिवाय, का कोण जाणे, मागितली नाही कुणी.

हळद पेठेत काट्यावर बसणारे सिदराम ऐवळे
पुस्तक परत देताना म्हणाले,
घारीनं आपला जीव ठेवला असंल तिथं. वजनाला.
दारं काय फुकट उघडत्यात व्हय?
यास्मिन बागवान म्हणाली, नाव विसरली ती स्वतःचं,
म्हणून तर पुढं तिला कुणी हाक मारली तरी वळत नाही.
मगदुमांच्या अक्षतनं नकाशाच काढून आणला,
दाराला मागून खिडकी.
तो मी रजिस्टरमध्ये ठेवलाय.

मग सिनेमा आला.
यास्मिननं पैसे गोळा केले, एफ रांग सगळी आमची.
अक्षत वडिलांचा काळा रेनकोट घालून आला, पंख म्हणून,
दारातल्या माणसानं तो काढायला लावला.

पहिल्या दहा मिनिटांत कुजबुज:
वेणा एवढी गोरी?
घार आंधळी आहे ना, मग ही बघतीय काय?
झऱ्याचं पाणी निळं.
निळं! मागून कुणीतरी चक् केलं.
मध्यंतरात ऐवळे पॉपकॉर्न धरून नुसते बसले,
म्हणाले, गाव मात्र बरं दाखवलंय.

आणि मग दार आलं.
आख्खी रांग पुढं सरकली,
खुर्च्या कुरकुरल्या.
ढोल. वीज. वेणानं तलवार उपसली
(तलवार? कुठून आली?)
आणि दार फुटलं, तुकडे आमच्या अंगावर आल्यासारखे.
पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती.
आमच्याकडं कुणी हललं नाही.

पार्किंगमध्ये भांडण.
असं नाहीये पुस्तकात! यास्मिन.
शक्यच न्हाय, ऐवळे.
अक्षतचा तर आवाजच फुटेना.
मी म्हटलं, पण तुम्ही वाचलंय कुठं?
तशी सगळी माझ्याकडं बघायला लागली,
जणू तीन पानं मीच चिकटवली होती.

मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.
मला वाटायचं, ती नुसती थांबली असेल.
दोन दिवस, तीन दिवस,
आम्ही गच्चीत थांबलो तशी,
पायरी पायरीनं पाणी मोजत.
त्यात दाखवण्यासारखं काय आहे.
ढोल तर नाहीतच.

सोमवारी नवी प्रत आली, देणगीतून.
मुखपृष्ठावर नटी, तलवारीसकट.
तिला कव्हर घालायचं होतं, तेवढ्यात ऐवळे आले,
पेठेतून थेट, हात न धुता.
उचलली, चाळली, मधेच थांबले.
तेवढ्यात कुणीतरी वर्गणी भरायला आलं,
मी पावती फाडली, सुटे शोधले.
वळले तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं.
दुसरा भाग हाय का आत? ऐवळेंनी विचारलं.
दिला. सही केली. गेले.

नंतर उघडून पाहिलं.
दोनशे दहाच्या कोपऱ्यात
अंगठ्याचा पिवळा ठसा.
वाचलं, की नुसतं धरून ठेवलं होतं,
पिवळ्या ठशावरून कळत नाही.
मीही खाली बघितलं नाही,
पान उलटं धरून
कव्हर घातलं.