कड

खळ शिजताना आधी पांढरी असते, मग राखाडी,
मग तिच्यातून पळीचा दांडा दिसायला लागतो.
तेव्हा उतरवायची.
हे मला रोझलिदाने शिकवलं,
होमा बेच्या मासळीबाजारामागे, चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे दर मंगळवारी आम्ही नऊ जणी
पुठ्ठ्याच्या खुर्च्या करतो.

पुठ्ठा कसलाही चालतो. साबणाचा, बिस्किटांचा,
कुणाच्या तरी नव्या टीव्हीचा.
त्यावर वर्तमानपत्रांचे अकरा थर,
एका खुर्चीत सहा महिन्यांच्या बातम्या सहज जिरतात.

मी आले तेव्हा ओचोला सात वर्षांचा होता
आणि अजून मान धरत नव्हता.
त्याला कडेवर घेऊनच मी ओमेना वाळवायची, पाखडायची,
डब्याने मोजून विकायची.
माझी डावी कड उजवीपेक्षा वर गेली आहे,
शिंप्याला विचारा, तो दर वेळी झग्याची एक बाजू
तीन बोटं जास्त ठेवतो.

डॉक्टरने एक कागद दिला होता, त्यावर तीन शब्द.
काउंटीच्या कचेरीने एक फॉर्म दिला,
मग दुसरा, कारण पहिला जुना झाला होता.
मटाटूवाल्याने दोन जागांचे पैसे घेतले:
पोराचे पाय दुमडत नाहीत, माझा काय दोष?
सासू म्हणाली, कुणीतरी कुठली तरी रीत मोडली असणार.
मी रात्रभर आठवत बसले,
कुठली.

रोझलिदाने काही विचारलं नाही.
तिने सुतळी काढली.
काखेपासून मांडीपर्यंत, मांडीपासून गुडघ्यापर्यंत,
गुडघ्यापासून टाचेपर्यंत, प्रत्येक ठिकाणी गाठ.
त्याची मापं घेऊन
ती कुठल्याही तक्त्याशी ताडून न पाहणारी
ती पहिलीच बाई.

खुर्ची वाळायला नऊ दिवस लागतात.
शेळ्यांना खळ फार आवडते.
आमच्या पहिल्या खुर्चीचा उजवा हात
ओगुटूच्या शेळीने खाल्ला, बातम्यांसकट,
आणि आम्ही इतक्या हसलो
की चर्चमधून कुणीतरी बघायला आलं.

मग तो बसला.
छातीला पट्टा, मांड्यांमध्ये ठोकळा,
मानेमागे जुन्या गादीचा कापूस.
कडेवरचं मूल नेहमी बाजूनेच दिसतं,
कान, गालाचा तुकडा, लाळ.
सात वर्षांत पहिल्यांदा
माझा मुलगा माझ्या समोर होता.
त्याचे डोळे एकसारखे नाहीत, एक थोडा वर आहे,
माझ्या वडिलांचा होता तसा.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
माझे हात रिकामे होते
आणि त्यांचं काय करायचं ते कळेना.

वही माझ्याकडे असते. नाव, माप, तारीख, दिले, परत आले.
मूल वाढलं की खुर्ची परत येते,
पुढच्याला जाते.
एप्रिलमधल्या मोठ्या पावसात
पेरेस तिच्या अवुओरची खुर्ची डोक्यावर घेऊन आली,
वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, भिजू नये म्हणून.
अवुओर वाढली नव्हती.
आम्ही सगळ्या उभ्या राहिलो.
मी वही उघडली, 'परत आले'च्या रकान्यात तारीख घातली,
आणि पेन तिथेच टेकून राहिलं, शाईचा ठिपका पसरत गेला.

पेरेसने पातेल्यात डोकावलं.
गुठळ्या झाल्यात, म्हणाली,
आणि पळी घेतली.

अजून येते ती. मंगळवारी सगळ्यांत आधी.
एकदा नव्या एका आईने विचारलं, तुमचं मूल कुठंय?
तर तिने त्या खुर्चीकडे बोट दाखवलं,
जिच्यात आता ओडेराची नात बसते,
आणि जिच्या पाठीवरचं नाव आम्ही रंगवलेलं नाही.

आज ओचोलाचे गुडघे फळीला लागायला लागले.
पेरेस सुतळी घेऊन त्याच्यासमोर बसली आहे.
जुन्या गाठीपासून नव्या गाठीपर्यंत चार बोटं.
"बघ," ती त्याला म्हणते, मला नाही,
"बघ केवढा झालास."

पळीचा दांडा दिसायला लागला.
उतरवते.