साठाच्या अलीकडे

तीनला लाइट गेली, तरी सभा उठली नाही.
खिडकीपलीकडे हायवेवर ट्रक, कोल्हापूरकडे, धारवाडकडे;
टेबलावर माझ्या हातची यादी,
ज्यांचं घोडं साठाच्या अलीकडे अडलंय त्यांची.

नम्रता उचगावकर, बी.ए.
एकोणसाठ पूर्णांक ब्याऐंशी शतांश.
एवढ्याशा फटीतून पहिला वर्ग दिसतो,
जाता येत नाही.

नियम आहे, नाही असं नाही.
साडेएकोणसाठ गाठलं असेल
तर शेवटच्या वर्षाचे पेपर मोजायचे, साठाच्या वर किती.
हिचे आठांतले चार. बरोब्बर चार.
डिसोझा मॅडमनी इंग्रजी प्रत उघडली:
निम्म्याहून जास्त हवेत.
चार म्हणजे जास्त नव्हे.
त्यांनी चष्मा मिटला.

हुक्केरीमठ सर कन्नड प्रत मोबाइलच्या उजेडात धरून
बोट फिरवत होते. थांबले.
अर्धक्किंत कडिमे इरबारदु.
निम्म्याहून कमी नसावेत.
पुन्हा वाचलं, मोठ्यानं, कोर्टात पुकारतात तसं.
मग माझ्याकडे बघून, "काय ओ सांबरेकर, बरोबर की?"

मी हो म्हटलं.
तीस वर्षं कन्नड फायली लिहिल्या,
पण त्या भाषेतलं एखादं वाक्य
असं पाठीवर हात ठेवील, वाटलं नव्हतं.
कॉलेजात असताना एक नोव्हेंबरला
दंडाला काळी फीत बांधून चाललोय मी.
पुढं नोकरी लागली, बदलीची भीती लागली, ते वेगळं.
फीत अजून आहे.
आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.

मसुदा चुकला की भाषांतर, कुणी विचारलं नाही.
"शंका आली तर कन्नड प्रत धरायची," सर म्हणाले.
मॅडम हसल्या. "धरा."
मी लाल पेनानं साठ लिहिलं.
आम्ही म्हणतो गुण, ते म्हणतात अंक;
रकाना अर्ध्या इंचाचा, एकच.

खालचं नाव मंजुनाथ तळवार, सौंदत्ती.
आठांतले सहा पेपर साठाच्या वर,
पण एकूण एकोणसाठ पूर्णांक सेहेचाळीस.
साडेएकोणसाठला चार शतांश कमी.

सरांनी पुन्हा पान लावलं. मॅडमनीही.
बराच वेळ दोघं आपापल्या प्रतीत शोधत राहिले.
त्याच्यापुरत्या
दोन्ही शब्दाला शब्द एक होत्या.