स्थलांतर

महापे, तिसरा मजला, एसी बंद.
गास्केटवाल्या कंपनीची चारशे बारा पानं
सोमवारच्या आत जुन्यातून नव्यात न्यायची.

इंग्रजी मुकाट येतं.
मराठी वाटेतच फुटतं:
जुन्या फॉन्टातलं 'आमच्याविषयी'
इथं उतरलं की नुसते डॉलर, कंस, टिंबं.
बिल्वा म्हणते, कचरा आहे, उडव.
मी कीबोर्डाचा जुना तक्ता शोधून
एकेक अक्षर माणसात आणतो.

दोनशे सत्त्याण्णवावं पान: रात्रपाळीची बस.
रबाळे नाका सहा चाळीस, दिघा सात.
चालक हिराजी केणी.
फोटोत बसपेक्षा तोच चकचकीत.

बस बंद होऊन अकरा वर्षं झाली.
केणी पण गेले, वॉचमन म्हणाला.
तरी दर महिन्याला या पानावर एक भेट,
घणसोलीकडून कुठून तरी, रात्री,
दोन-अडीच मिनिटं.

नव्या साच्यात याला खण नाही.
'उत्पादनं'त बसत नाही, 'करिअर'मध्ये तर नाहीच.
कुठल्याच मेनूला न जोडता
ठेवून दिलं,
जुना पत्ता तिकडे वळवला.

चारशे बारा?
बिल्वानं स्क्रीनवरून मान न काढता विचारलं.
चारशे बारा.

फोटो तेवढा लहान करावा लागला.
बस थोडी कापली गेली.