वरच्या बर्थची खिट्टी

हैदराबाद रोडला, बोरामणीच्या अलीकडं,
वर्कशॉपच्या काचेच्या केबिनमध्ये
माझ्या टेबलावर एक यादी येऊन पडलीय :
एक्केचाळीस चासी नंबर,
सोबत कंपनीचं इंग्रजी पत्र, फार नम्र.
अमुक ते अमुक महिन्यात बनलेल्या गाड्यांमध्ये
वरच्या बर्थची खिट्टी
काही परिस्थितीत सुटण्याची शक्यता आहे.

फोनवर सांगायचं म्हणून मी त्याचं मराठी करते.
काही परिस्थितीत म्हणजे
खड्डा, अर्जंट ब्रेक,
किंवा झोपेत नुसतं कुशीवर वळणं.
शक्यता म्हणजे
खाली झोपलेला माणूस.

पहिला नंबर अस्तित्वात नाही.
दुसरा म्हणतो, गाडी लातूरला दिली,
त्यानं पुढं कुणाला दिली देव जाणे.
तिसरा विचारतो, इंजिनाचं काय आहे का?
नाही ना? मग बघू की ओ दिवाळीनंतर.
चौथ्याला वाटतं मी हप्त्यासाठी बोलतेय,
तो आवाज बदलून
स्वतःचाच भाऊ होतो, आणि सांगतो,
भाऊ गावाला गेलाय.
सातवे अंबण्णा कोडम हसतात :
खिट्टी? ती तर कवाच गेली ताई,
आम्ही चादर पिळून बांधलीय,
सोलापुरी आहे, काय होत नाय.

चादरीचा रकाना फॉर्ममध्ये नाही.
रकाने चारच : कळवले, लागला नाही, वाहन विकले, नकार.

एकोणिसावा फोन एका पोराने उचलला.
— उस्ताद आत्ताच पडलेत की ओ. दोन रात्रीचं जागरण.
— गाडी कुठाय?
— नळदुर्गच्या पुढं, धाब्याला. मी चहा करलालोय.
— उस्ताद झोपलेत कुठं?
— वर.
— आणि तू?
— त्यांच्या खाली.
नाव मौला. वय अठरा,
म्हणजे होतील.

उठव त्यांना, म्हणाले मी,
आणि म्हणताना कळलं
की ह्या माणसाला जागं ठेवणं
खिट्टीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.
आज रात्री त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसायचंय.
तिकडं स्टोव्हचा भुर्र आवाज.
मी म्हणाले, बरं, राहू दे. तू खाली झोपू नकोस.
— मग कुठं झोपू?
ह्याचं उत्तर पत्रात नव्हतं.
पत्र मी दोनदा वाचलं.

गुरुवारी आले. रेवणसिद्ध, पाठीला हात लावून उतरले.
नरसय्या मामांनी गाडी आत घेतली,
अकरा मिनिटांत जुनी खिट्टी बाहेर.
बोटाएवढी. ऐंशी ग्रॅम असेल.
रेवणसिद्धांनी ती उन्हात धरली,
फिरवली, नखानं खरवडली.
ह्यात तर काय दिसत नाय, सहा वर्षं धरलंय हिनं मला.
मामा म्हणाले, दिसलं असतं
तर यादी कशाला आली असती?
त्यांना ती ठेवून घ्यायची होती, गाडीच्या आरशाला बांधायला.
नाही चालत. जुना भाग मोजून परत पाठवावा लागतो,
पिशवीत, नंबर टाकून.
पिशवी बंद होईपर्यंत ते बघत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत यार्डातल्या लिंबाखाली गाडी उभी होती.
काचेतून दिसत होतं :
मौला शिडीच्या एका पायरीवर अडकलाय,
चप्पल काढू की नको करत,
आणि रेवणसिद्ध खालच्या सीटवर
आधीच आडवे झालेत,
डोळे मिटून, हात छातीवर.
जा की बे वर, म्हणाले असतील.
ओठ तेवढेच हलले.

पोरगा चढला. बर्थ वाजला, कर्रर.
खालच्या माणसानं डोळे उघडले नाहीत.

मी डबा बंद केला.
यादीत अजून बावीस.
विसाव्याची रिंग वाजतेय,
कुणीतरी झोपलं असेल.